जुळे मनोरे, क्वालालंपूर : वर जावं की खालूनच बघावं?

रानजाई

गेल्या महिन्यात आई-बाबांना घेऊन सहा दिवस मलेशियात, क्वालालंपूरला राहून आले. जाण्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी एकच सल्ला दिला. पेट्रोनास या तेलकंपनीचे जुळे मनोरे रात्री खालूनच बघा, फोटो काढा आणि पुढे चला, वर जायचे पैसे फुकट जातात. माझं मत नेमकं उलट झालंय. वर जावं, पहिल्याच दिवशी जावं आणि सकाळी जावं. का, ते सविस्तर लिहिते. ज्यांचा अनुभव वेगळा असेल त्यांनीही इथे नक्की लिहा, पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

बाबांची सगळी नोकरी पूल आणि कालव्यांच्या कामावर गेली. इमारत किती उंच आहे याचं त्यांना विशेष नव्हतं, त्यांना काँक्रीट बघायचं होतं. त्या काळी एवढ्या उंच इमारतींचा सांगाडा बहुधा पोलादाचा असायचा. इथे मात्र पोलाद आयात करणं महाग पडत होतं आणि काँक्रीटचं काम तिथल्या लोकांच्या हातातलं होतं. त्यामुळे 88 मजल्यांचे आणि 451.9 मीटर उंचीचे हे दोन्ही मनोरे काँक्रीटच्या गाभ्यावर आणि भोवतीच्या 16 जाड खांबांवर उभे आहेत. प्रत्येक मनोऱ्याखाली साडेचार मीटरहून जाड काँक्रीटचा थर आहे आणि तो सलग 54 तास ओतत होते. हे वाक्य बाबांनी आईला विमानात तीनदा सांगितलं. रात्रपाळीत ओतकाम चालू असताना मिक्सर बंद पडला की काय होतं, हे त्यांनी स्वतः भोगलंय. त्यामुळे 54 तास म्हणजे काय, ते त्यांना आकड्याच्या पलीकडे कळत होतं.

तिकिटं आम्ही ऑनलाइन आधीच काढली होती. ठरलेल्या वेळेला गटागटाने सोडतात. सोमवारी बंद असतं, तेव्हा दिवस ठरवताना संकेतस्थळ बघून घ्या. आधी 41व्या मजल्यावर, दोन मनोऱ्यांना जोडणाऱ्या पुलावर नेतात. पूल दुमजली आहे, लांबी 58 मीटर आणि जमिनीपासून उंची 170 मीटर. सगळे काचेला नाक लावून खाली बघत होते आणि बाबा मात्र पूल जिथे मनोऱ्याला मिळतो तिथल्या जमिनीकडे वाकून बघत उभे. तिथल्या मुलीला वाटलं आजोबांचं काही हरवलंय. तिला मी सांगितलं की ते सांधा बघताहेत, कारण हा पूल मनोऱ्यांना घट्ट जखडलेला नाही. वाऱ्याने दोन्ही मनोरे आपापले डोलतात आणि पुलाची टोकं आत-बाहेर सरकतात. ती हसली आणि आम्हाला आणखी दोन मिनिटं थांबू दिलं. सहा दिवसांत बाबांचा तेवढा उजळलेला चेहरा मी पुन्हा पाहिला नाही.

मग 83व्या मजल्यावर लिफ्ट बदलून 86व्या मजल्यावर. खरी गोष्ट इथे सुरू झाली. एका बाजूला टेकडीवरचा केएल (म्हणजे क्वालालंपूर) टॉवर. दुसरीकडे 678.9 मीटरचा मर्डेका 118, बुर्ज खलिफाच्या खालोखाल जगातला सगळ्यात उंच. खाली तळं आणि बाग, लांब निळसर डोंगर. आणि या सगळ्या काचेच्या इमारतींच्या मधोमध, नदीच्या पलीकडे, बुटक्या पत्र्याच्या छपरांचा आणि नारळीच्या झाडांचा एक तुकडा. आई म्हणाली, "अगं, हे आपल्याकडच्यासारखं काय आहे मध्येच?" ते कांपुंग बारू. शंभरहून जास्त वर्षांची मलय वस्ती, नावाचा अर्थ 'नवं गाव'. माझ्या यादीत ते नव्हतंच. तासाभराने आम्ही तिकडे चालत निघालो.

वर जाण्याचं माझ्या मते हेच कारण आहे. रात्री फोटो काढून परतलो असतो तर या शहराबद्दल आम्हाला चकचकाटाव्यतिरिक्त काही कळलं नसतं. वरून बघितल्यावर पुढच्या पाच दिवसांत काय बघायचं ते आईने स्वतः ठरवलं. ते घुमट कुठले, ते मोकळं मैदान कसलं, तो डोंगर पांढरा का दिसतो, असं तिने एकेक विचारलं आणि आम्ही एकेक गाठलं.

कांपुंग बारूला जायला मनोऱ्यांच्या बाजूने सालोमा पूल आहे, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. 2020 साली खुला झाला. त्याचा आकार 'सिरिह जुंजुंग'वरून घेतलाय. मलय लग्नात विड्याची पानं उंच रचून मांडतात, ती ही रचना. आईला हे कळल्यावर ती पुलावर थांबलीच. आपल्याकडे सुपारी फोडल्याशिवाय लग्न ठरत नाही आणि विडा ठेवल्याशिवाय पूजा मांडली जात नाही. पान त्यांच्याकडेही लग्नात मानाचं. पलीकडे उतरलं की खांबांवर उभी लाकडी घरं, अंगणात कुंड्या, दोरीवर कपडे आणि मान वर केली की थेट मनोरे. त्यांचा सगळ्यात सुंदर फोटो मला तिथे मिळाला.

दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात गेलो. चायनाटाउनमधल्या जालान तुन एच. एस. ली या रस्त्यावर 1873 साली स्थापन झालेलं महामारिअम्मन मंदिर आहे आणि जवळजवळ समोरच लाल खांबांचं चिनी ग्वान दी मंदिर. इकडे नादस्वरम, तिकडे उदबत्त्यांचा धूर. तिथून थोडं चालत गेलं की मस्जिद जामेक, 1909 सालची, गोंबाक आणि क्लांग या दोन नद्यांच्या संगमावर. क्वाला म्हणजे संगम आणि लुंपूर म्हणजे चिखल. 1857 साली कथिलाच्या शोधात आलेले चिनी खाणकामगार याच चिखलात उतरले आणि शहराला सुरुवात झाली. आई तिथे बराच वेळ बसून राहिली. संगम म्हटला की ती हात जोडते, आणि इथेही जोडले. मशिदीत बायकांना अंगभर झगा देतात, तो घालून आम्ही आत गेलो. नमाजाच्या वेळा सोडून जावं लागतं, शुक्रवारी दुपार टाळा.

बटू केव्ह्ज या डोंगरातल्या गुहा-मंदिराबद्दल वेगळं लिहायचं आहे, तिथे आमच्या घरात एक पेच झाला होता. आज हात थकला, प्रतिसादात लिहिते.


पाऊलवाट

छान लिहिलंय, बाबांचा प्रसंग फार आवडला. पण मुख्य मुद्द्याशी सहमत नाही. मी कामानिमित्त तीन वेळा गेलोय. एकदा वर गेलो तेव्हा सप्टेंबर होता आणि पलीकडे सुमात्रात पेटलेल्या आगींचा धूर शहरावर पसरला होता. 86व्या मजल्यावरून राखाडी पडद्यापलीकडे काही दिसलं नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. चार जणांच्या कुटुंबाला परदेशी दराने ही रक्कम लहान नाही.

माझ्या मते मनोऱ्यांइतकीच मोलाची गोष्ट त्यांच्या पायाशी फुकट आहे. पाठीमागची 50 एकरांची बाग. ब्राझीलच्या रॉबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी ती आखली. ते 1994 साली गेले, बाग त्यांच्यामागे पूर्ण झाली. पूर्वी इथे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. शहराच्या मध्यावरची इतकी महाग जमीन, आणि त्यातली एवढी झाडांसाठी सोडली, हे मला मनोऱ्यांच्या उंचीपेक्षा जास्त थोर वाटतं. संध्याकाळी तळ्याच्या काठी बसा. मलय कुटुंबं डबे घेऊन येतात, चिनी आजोबा फेऱ्या मारतात, तमिळ पोरं उथळ पाण्यात डुंबत असतात. अंधार पडला की कारंजी सुरू होतात. मुंबईत रेसकोर्सच्या जागेवरून चर्चा निघाली की मला दर वेळी ही बाग आठवते.


मोरपीस

रानजाई, अगदी वेळेवर धागा काढलात. आम्ही नोव्हेंबरमध्ये जातोय. सासूबाई 71 वर्षांच्या, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. त्यांना गुहेतलं मंदिर बघायची फार इच्छा आहे, पण 272 पायऱ्या ऐकून आम्हीच घाबरलोय. वर जाता येत नसेल तर तिथवर जाण्यात अर्थ आहे का? आणि जेवणाचं काय करता? व्हिसाचंही कुणी सांगा.


रानजाई

पाऊलवाट, धुराचा मुद्दा अगदी बरोबर आहे. जुलै ते ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी हवा बघूनच ठरवावं. आणि बाग सुंदरच आहे, आम्ही तिथे तीन संध्याकाळी बसलो.

मोरपीस, नक्की जा. केएल सेंट्रल या शहरातल्या मोठ्या स्टेशनहून थेट लोकल गाडी आहे आणि स्टेशन गुहांच्या अगदी पायथ्याशी. मात्र दोन गाड्यांमध्ये अंतर बरंच असतं, परतीची वेळ उतरल्याबरोबर बघून ठेवा. स्टेशनातून बाहेर आलं की हनुमंताची उंच हिरवी मूर्ती आणि मागे रामायण गुहा, तिथे सासूबाईंना सहज नेता येईल. पुढे मोकळ्या पटांगणात मुरुगनची 42.7 मीटरची सोनेरी मूर्ती आहे, 2006 साली उभारलेली. तिचं दर्शन खालूनच होतं, त्यासाठी एकही पायरी चढावी लागत नाही. ज्यांना वर जायचं त्यांनी सकाळी आठच्या आत पोचावं. नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतं. गुडघ्याखालपर्यंत कपडे हवेत. माकडं फार, हातात पिशवी किंवा खाऊ दिसू देऊ नका.

आता आमच्या घरातला पेच. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय. आईच्या माहेरी कडक रीत आहे, बायकांनी कार्तिकस्वामीचं दर्शन घ्यायचं नाही. वरून तो पांढरा डोंगर तिनेच दाखवला होता, पण तिथे पोचल्यावर मूर्तीकडे पाठ करून उभी राहिली. मला कळेना काय बोलावं. जबरदस्ती करायची नव्हती आणि तिला बाकड्यावर एकटीला बसवून वर जायलाही मन होईना. शेजारी एक तमिळ आजी चपला काढत होत्या. त्यांनी खुणेने विचारलं, वर नाही का येणार? मी मोडक्या इंग्रजी-तमिळात कारण सांगितलं. त्यांना ते कळलंच नाही! त्यांनी दोन बोटं दाखवली आणि म्हणाल्या, "वळ्ळी, देवयानै." म्हणजे त्यांच्या मुरुगनला दोन बायका आहेत, तो संसारी देव आहे. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग पदर खोचला आणि त्या आजींच्या बरोबरीने निघाली. 272 पायऱ्या दोघी मध्ये चार वेळा बसत चढल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. वर गुहेत छत उघडं आहे आणि तिथून उजेडाचा झोत खाली येतो. दोघी तिथे हात धरून उभ्या होत्या. तो फोटो मी मोठा करून घरात लावलाय.


तुळशीकट्टा

रानजाई, आईंचा प्रसंग वाचून डोळे भरून आले. मी पुण्याची, वय 68. आमच्याकडेही हीच रीत. पर्वतीवर कार्तिकेयाचं मंदिर आहे, लहानपणी आम्ही मुली तिथून मान खाली घालून जायचो. वर्षातून एकदाच, कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असलं की बायकांना दर्शन असतं आणि त्या दिवशी रांग लागते. आपल्या कथेत तो ब्रह्मचारी, रुसून दक्षिणेला गेलेला. तिकडे गेल्यावर त्याचं लग्न झालं, घर झालं, असं मी मनाशी म्हणते. आपल्यापासून रुसून गेला तो त्यांच्याकडे रमला. आईंनी काही मोडलं असं मला वाटत नाही. त्या त्याच्या सासरी जाऊन आल्या.

आणखी एक. तिथल्या तैपूसम या मुरुगनच्या उत्सवात भक्त खांद्यावर कावडी घेऊन चढतात. आपल्या शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटाने कावडी चढवतात, तोच हा शब्द. लेकीने मला तैपूसमची चित्रफीत दाखवली तेव्हा अंगावर काटा आला. दुधाचे कलश घेऊन चढणाऱ्या त्या बाया बघून मला आमच्या गावची कावड आठवली.


केवडा

मी क्वालालंपूरला लागून असलेल्या पेतालिंग जायात अकरा वर्षं राहतेय. धाग्यात थोडी भर घालते.

तैपूसमचा रथ निघतो तो रानजाईंनी सांगितलेल्या महामारिअम्मन मंदिरातूनच. चांदीचा रथ रात्री शहरातून निघतो आणि भक्त त्याच्यासोबत बटू केव्ह्जपर्यंत चालत जातात. जानेवारी-फेब्रुवारीत येणार असाल तर तारीख आधी बघा. गर्दी प्रचंड असते. ज्येष्ठांना घेऊन त्या दिवशी जाऊ नये, पण ज्यांना पायी वारीची सवय आहे त्यांनी एकदा जरूर चालावं.

व्हिसा: भारतीयांना 1 डिसेंबर 2023पासून 30 दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीने वाढवत आणली आहे, तेव्हा तिकीट काढण्याआधी खात्री करा. डिजिटल आगमन कार्ड मात्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावंच लागतं. ते विसरून लोक विमानतळावर घामाघूम होतात.

जेवण: मोरपीस, काळजी नको, फक्त एक शब्द लक्षात ठेवा, 'बेलाचान'. ही सुकवलेल्या कोळंबीची आंबवलेली वडी, आपल्या जवळ्याच्या चुलत घराण्यातली. ती जवळजवळ प्रत्येक सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत असते. भाजी म्हणून समोर आलेल्या पानातही तिची फोडणी असू शकते. त्यामुळे नासी लेमाक हा नारळाच्या दुधातला भात कितीही मोह झाला तरी रस्त्यावर घेऊ नका. ब्रिकफील्ड्समध्ये केळीच्या पानावर शुद्ध शाकाहारी दक्षिणी जेवण मिळतं. केएल सेंट्रलला लागूनच हा भाग आहे, पूर्वी इथे विटांच्या भट्ट्या होत्या. 1881च्या आगीनंतर आणि पुरानंतर लाकूड-गवताऐवजी विटांची घरं बांधायचं ठरलं, त्या विटा इथल्या. चिनी बौद्ध शाकाहारी खाणावळीही चांगल्या आहेत. तिथे मासे-कोंबडीसारखं दिसणारं सगळं सोयाबीन आणि मैद्याचं असतं, सासूबाईंना आधी सांगून ठेवा म्हणजे दचकणार नाहीत.

सकाळी मामाक दुकानात जा, म्हणजे तमिळ मुसलमानांची हॉटेलं. रोटी चनाय मागवा. आपल्या पराठ्याची पदरा-पदराची बहीण, सोबत डाळ. साधी हवी तर 'रोटी कोसोंग' म्हणा, म्हणजे आत अंडं फोडून घालत नाहीत. पिठात अंडं आहे का आणि डाळीत काही मांसाचं पडलंय का, एवढं विचारून घ्या. चहा तेह तारीक, उंचावरून ओढून फेसाळ केलेला, पण त्यात घट्ट गोड दूध असतं. साखर कमी हवी तर 'कुरांग मानिस'.


खारावारा

मी गोव्याचा. केवडाताईंच्या शब्दांवरून सुचलं. मलय भाषा ऐकताना मला सारखं कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटत होतं. मनोऱ्याला ते 'मेनारा' म्हणतात. आपला मनोरा आणि त्यांचा मेनारा, दोन्ही अरबीतून आलेले सख्खे भाऊ. मनोऱ्यांच्या पायाशी जो मॉल आहे त्याचं नाव 'सुरिया', म्हणजे सूर्य. भाषेला 'बहासा', उपवासाला 'पुआसा', भूमिपुत्राला 'बुमिपुत्रा'. मर्डेका म्हणजे स्वातंत्र्य, त्याचं मूळही संस्कृत 'महर्द्धिक'. आणि खिडकीला 'जंदेला'! आमच्या आजीच्या कोकणीत खिडकी म्हणजे जनेल. दोन्ही पोर्तुगिजांकडून आलेले.

ते येण्याचं कारणही गोव्याला जोडलेलं आहे. अफोन्सो द अल्बुकेर्कने 1510 साली गोवा घेतला आणि दुसऱ्याच वर्षी गोव्याहून आरमार नेऊन इथलं मलाक्का बंदर घेतलं. सेंट फ्रान्सिस झेवियर 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळ वारले. त्यांचा देह आधी मलाक्काच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये ठेवला होता आणि मग जुन्या गोव्याला आणला. लहानपणापासून शव प्रदर्शनाला जाणारा मी, त्या टेकडीवर छप्पर नसलेल्या चर्चमध्ये जाळी लावलेली ती रिकामी जागा बघून स्तब्ध झालो. एक दिवस हातात असेल तर क्वालालंपूरहून बसने मलाक्का जरूर करा, दोनेक तास लागतात. गोव्याच्या माणसाने तर चुकवूच नये.


पाऊलवाट

खारावारा, मलाक्काचा हा दुवा ठाऊक नव्हता, आभार. रानजाई, एक प्रांजळ प्रश्न. मी नगररचनेत काम करतो, त्यामुळे विचारतो. वरून कांपुंग बारू दिसल्यावर आईंना 'आपल्याकडच्यासारखं' वाटलं, पण तिथल्या माणसांना त्या उंचीबद्दल काय वाटतं, हे कुणाशी बोलणं झालं का?


रानजाई

थोडंसं झालं. एका घराच्या ओट्यावर एक काका केळ्याची भजी तळून विकत होते, इंग्रजी चांगलं बोलत होते. ते म्हणाले, मनोरे वर चढताना त्यांनी याच अंगणातून रोज बघितले, एकाचं काम जपानी कंपन्यांच्या गटाकडे आणि दुसऱ्याचं कोरियन गटाकडे होतं, कोण पुढे जातंय यावर पोरं पैजा लावायची. अभिमान आहे, असं स्पष्ट म्हणाले. मग म्हणाले, आता सगळे आमची जमीन मागतात. एकेका घराचे वारस इतके झालेत की कुणाची सही कुठे घ्यायची तेच कळत नाही. हे ऐकून बाबा आणि ते जे बसले ते तासभर! आमच्या गावच्या सातबाऱ्यावर 23 नावं आहेत.


लंबक

स्थापत्यवाल्यांसाठी दोन प्रश्न. एक, पुलाची टोकं सरकती असतील तर मध्यभाग स्थिर कसा राहतो? दोन, तिथली जमीन चुनखडीची आहे असं ऐकून आहे. मग एवढं वजन कशावर टेकवलंय? रानजाई, बाबांना विचाराल का?


रानजाई

बाबा शेजारीच बसलेत, ते सांगताहेत आणि मी टंकतेय.

पुलाच्या मध्याखाली उलट्या 'व्ही'सारखे दोन पाय आहेत, ते 29व्या मजल्यापासून दोन्ही मनोऱ्यांतून तिरके वर येतात. पाय दोन्ही टोकांना बिजागरीसारखे फिरू शकतात. एक मनोरा हलला की पाय थोडे उघडतात-मिटतात, पण पुलाचा मध्य दोघांच्या मधोमधच राहतो. टोकं बेअरिंगवर सरकतात. बाबा वाकून बघत होते ती हीच फट.

दुसऱ्या प्रश्नावर ते खुर्चीत सावरून बसले. मूळ जागा तपासली तेव्हा खाली चुनखडीचा उतार निघाला, त्यात झिजून झालेली भगदाडं. मनोऱ्याचा एक भाग खडकावर आणि एक भाग मऊ मातीवर आला असता आणि इमारत कलली असती. म्हणून अख्खी जागाच सुमारे 60 मीटर सरकवली. नव्या जागीही पायाचे खांब खडकाला टेकवलेले नाहीत. 60 ते 114 मीटर खोल गेलेले 104 खांब भोवतालच्या मातीच्या घर्षणावर भार पेलतात आणि खालची पोकळी काँक्रीट-सिमेंटच्या मिश्रणाने भरून घेतली. चालू कामात एका बॅचचं काँक्रीट चाचणीत नापास झालं तेव्हा झालेला मजला पाडून पुन्हा केला. बाबा म्हणतात, हे शेवटचं आधी लिही.

आणि एक त्यांचं निरीक्षण, जे मला तिथे असताना कळलं नव्हतं. बटू केव्ह्जच्या गुहेत आई आणि त्या आजी उजेडात उभ्या होत्या, तेव्हा बाबा भिंतीवर हात फिरवत होते. ही तीच चुनखडी. शहराच्या उत्तरेला ती जमिनीच्या वर डोंगर होऊन आलीय आणि पावसाच्या पाण्याने पोखरून तिची गुहा झालीय. शहराखाली तीच पुरलेली आहे, तिच्यातही अशीच पोकळी. इकडे त्या पोकळीत देव बसला आणि तिकडे तिच्यामुळे मनोऱ्यांना 60 मीटर बाजूला व्हावं लागलं.


मोरपीस

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. तुळशीकट्टा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. त्यांचा निर्णय असा: पहिल्या दिवशी सकाळी मनोरे, वर जायचं, मग पानाच्या पुलावरून पलीकडे. बटू केव्ह्जला सकाळच्या पहिल्या गाडीने. आधी रामायण गुहा, मग मूर्तीसमोर बसून बघायचं आणि गुडघे म्हणतील तितक्या पायऱ्या. पंचांग काढून कार्तिकी पौर्णिमा कधी येतेय तेही बघून झालं, आमच्या परतीच्या दोन दिवस आधी आहे. केवडाताई, त्या दिवशी लोकल नेहमीच्या वेळेला असते ना?


केवडा

असते. पौर्णिमेला तिकडे गर्दी जरा जास्त असेल इतकंच. पहाटेची गाडी धरा, चढताना उजव्या बाजूच्या कठड्याला धरून चढा आणि सासूबाईंना प्रत्येक टप्प्यावर बसू द्या. त्या आठवड्यात मी इथेच आहे, केएल सेंट्रलला भेटते. डबा मी आणीन, बिनअंड्याचा.